निघताना डचमध्ये विचारू नये

समजा, सकाळचे साडेसात वाजलेत आणि तुम्ही डोंबिवलीतल्या एका चाळीच्या दारात उभे आहात. एका पायात चप्पल आहे, दुसरी सापडत नाही, हातात जेवणाचा डबा आहे. आता फक्त एवढंच करायचं: 'मी आगगाडीने ठाण्याला चाललोय' हे डच भाषेत सांगायचं. घाबरू नका. आधी 'मी', त्याला चिकटून क्रियापद, मग वाहन, आणि शेवटी गाव. 'इक खा मेट द ट्रेइन नार ठाणे.' त्यातला 'ख' घशात बोंबलाचा काटा अडकल्यासारखा खरवडून काढायचा. जमलं? शाब्बास! पण हे झालं उत्तर. उत्तर द्यायचं तर आधी कुणीतरी तुम्हाला दारात अडवून विचारायला हवं की, 'कुठे चाललात?'

आणि नेमका हाच प्रश्न महिपत सुर्व्याच्या घरात आजवर कुणी विचारला नव्हता.

महिपतची आई आवडाबाई गुहागरकडची. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारलं की कामाला नाट लागते, हे तिला श्वास घेण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. विचारायचंच झालं तर 'लांब का?' एवढं पुरे. कुणी चुकून 'कुठे' म्हणालाच, तर निघालेल्याने परत फिरायचं, पाटावर बसायचं, भांडंभर पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. स्टेशनवरचा तिकीटबाबू 'कुठलं?' विचारतो, त्याला तिची हरकत नव्हती. "तो तिकिटाला विचारतो," ती म्हणायची, "माणसाला नाही."

महिपत कळव्याच्या खाडीजवळ एका पंपांच्या कारखान्यात फिटर होता. वय अठ्ठावीस, तांत्रिक शाळेचा दोन वर्षांचा कोर्स, आणि पंपाच्या आवाजावरून त्याचं पोट कुठे दुखतंय ते ओळखणारा कान. छप्पन साली कारखान्याने एका डच कंपनीशी हातमिळवणी केली. तिकडून हॉफस्ट्रा नावाचे साहेब आले. ते इतके उंच, की पहिल्या आठवड्यातच त्यांना वाकायची आठवण राहावी म्हणून ऑफिसच्या दारावर लाल रेघ मारावी लागली. त्यांनी सांगितलं, एका फिटरला आठ महिने हॉलंडला पाठवायचं आहे. तिथल्या फोरमनला इंग्रजी येत नाही, म्हणून जाणाऱ्याला कामापुरतं डच यायला हवं. दीड महिन्याने परीक्षा.

महिपतने हातातला पाना खाली ठेवला. त्याच्या लहानपणी गावाकडचा बांध एका भरतीला फुटला होता, आणि समुद्र त्यांच्या भातशेतीत शिरला तो परत गेलाच नव्हता. त्याचे वडील बांधावर उभे राहून बघत राहिले होते. आणि इथे हॉफस्ट्रा साहेब सांगत होते की, त्यांच्या देशातली कितीतरी जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे आणि रात्रंदिवस चालणाऱ्या पंपांनी ती कोरडी ठेवलेली आहे. समुद्राला 'बाहेर हो' म्हणणारे ते पंप महिपतला या जन्मात एकदा डोळ्यांनी बघायचे होते. बाकी कशाची हाव नव्हती.

उमेदवार तीन होते: महिपत, उत्तम आणि विठ्ठल. डच शिकायचं पुस्तक मात्र एकच. आता तीन माणसांत एक पुस्तक वाटून वाचायचं कसं? कुणी दिवस वाटले असते, कुणी नकलून घेतलं असतं. हे तिघे पडले फिटर. त्यांनी पुस्तक व्हाइसच्या जबड्यात आवळून धरलं आणि हॅकसॉच्या करवतीने त्याचे तीन तुकडे केले. पंधरा-पंधरा दिवसांनी तुकडे बदलायचे ठरलं होतं. पण उत्तमच्या तुकड्यावर त्याच्या म्हशीने पाय दिला आणि विठ्ठलचा तुकडा सासऱ्याने वाचायला म्हणून नेला तो नेलाच, त्यामुळे ज्याच्याकडे जो आला तोच राहिला. म्हशीने पाय देण्याआधी उत्तमने सगळं खाणंपिणं पाठ केलं होतं. विठ्ठलकडे नातीगोती आणि हवापाणी होतं. महिपतच्या वाट्याला आला मधला तुकडा: प्रवास आणि वाहने, पान एक्क्याऐंशी ते एकशे साठ.

म्हणजे महिपतला डचमध्ये भूक लागली असती तर ती सांगता आली नसती, पण बोटीने, बसने, सायकलने किंवा पायी कुठेही जाता आलं असतं.

प्रश्न विचारायला माणूस हवा होता. तो शेजारच्याच खोलीत निघाला. त्र्यंबकराव लेले हे रेल्वेच्या टपाल डब्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षं धावत्या गाडीत उभं राहून त्यांनी पत्रं गावागावांप्रमाणे निवडली होती आणि प्रत्येक पाकिटाला एकच प्रश्न विचारला होता: कुठे? निवृत्तीनंतर हा प्रश्न विचारायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते कोमेजत चालले होते. महिपतने पुस्तकाचा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला.

"उभे राहा, महिपतराव. दाराशी जा. प्रवासी असल्याचा भाव आणा. हं. वार खाट ऊ नारतू?"

"म्हणजे?" आतून आवडाबाईने विचारलं.

"कुठे चाललात," त्र्यंबकराव खुशीत म्हणाले.

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. आवडाबाई पदर खोचून बाहेर आली.

"भाऊजी, तुम्ही शिकलेले. ब्राह्मणाच्या तोंडून हे?"

"अहो आवडाबाई, हे डच आहे."

"नाट काय भाषा बघून लागते? महिपत, फिर माघारी. बस. कलावती, पाणी दे त्याला. दोन भांडी दे."

"दोन का?" महिपत म्हणाला.

"परदेशी नाट आहे. एका भांड्याने भागायचं नाही."

त्या संध्याकाळी पान एक्क्याऐंशीवरचा स्वाध्याय पूर्ण होईपर्यंत महिपत चौदा भांडी पाणी प्यायला. विहिरीवरून पाणी आणायचं काम होतं त्याच्या बायकोकडे, म्हणजे कलावतीकडे.

"अहो," ती कमरेवर घागर घेऊन म्हणाली, "तो समुद्र उपसायला तुम्हाला हॉलंडला कशाला जायला हवंय? इथेच बसा. डोंबिवलीची विहीर तुम्ही पंधरा दिवसांत कोरडी करताय."

शेवटी तोडगा निघाला. अभ्यास पाटावर बसून करायचा, चप्पल न घालता, उंबऱ्याकडे पाठ करून. बसलेल्या माणसाला नाट लागत नाही. आवडाबाईने हे मान्य केलं, पण स्वतः समोर भाजी निवडत बसायला लागली, लक्ष ठेवायला. त्यामुळे झालं असं की, महिपतबरोबर तिचाही अभ्यास होऊ लागला.

डच व्याकरणावर तिची स्वतःची मतं होती. वाहनाने जाताना 'मेट', म्हणजे 'बरोबर', लावतात, मेट द बस, मेट द फीट्स (म्हणजे सायकल), पण पायी जाताना मात्र 'ते फूट'. हे तिला पटलं. "बरोबर आहे. पाय काय वेगळे घेऊन जायचे असतात?" वेळ आधी सांगितली तर क्रियापद उडी मारून 'मी'च्या पुढे येतं, 'मोर्खन खा इक', म्हणजे 'उद्या जातो मी', हे त्र्यंबकरावांना फार आवडलं. "वेळापत्रकाचा देश आहे. आधी वेळ, मग माणूस." आवडाबाईने नाक मुरडलं. "ज्या भाषेत माणसाच्या आधी जाणं येतं, त्या भाषेचं माझ्याजवळ कौतुक नको."

पण एक नियम मात्र तिने डोक्यावर घेतला. नुसतं चाललो, कुठे पोचायचं नव्हतं, असं सांगायचं तर डच माणूस म्हणतो 'इक हेप खेलोपन'. आणि अमुक ठिकाणी चालत गेलो म्हणायचं तर तो 'हेप' टाकून 'बेन' घेतो: 'इक बेन नार हेट स्टाशोन खेलोपन'. ठिकाण असलं की बेन, नसलं की हेप.

"म्हणजे 'हेप' म्हटलं की कुठे ते सांगावंच लागत नाही?" आवडाबाईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"नाही."

"मग त्या लोकांत कुणीतरी शहाणी बाई होऊन गेलीय म्हणायची. महिपत, तू सगळं हेपमध्येच बोल."

"अगं आये, मग साहेबाला वाटेल मी कुठे पोचतच नाही."

"वाटू दे. तू पोच. सांगू नको."

महिनाभरात सगळी चाळ तयार झाली. मासळी विकायला येणारी बायजा डोक्यावरची पाटी उतरवता उतरवता म्हणायची, "आवडाबाय, मना पन येतं आता. वार खाट ऊ नारतू! बघ, नवऱ्याला इचारलं तर त्यो घाबरून घरीच बसला!"

परीक्षेचा दिवस उजाडला. दहा वाजता कारखान्यात हजर राहायचं होतं. आठ वाजून दहाच्या गाडीने ठाणं गाठायचं आणि कळव्याच्या पुलावरून चालत जायचं, म्हणजे हाताशी भरपूर वेळ होता. महिपतने इस्त्रीचा सदरा घातला. आवडाबाईने हातावर दही ठेवलं. त्याने देवाला नमस्कार केला, चप्पल घातली, उजवा पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

बाहेर त्र्यंबकराव उभे होते, कोट-टोपी घालून, जणू परीक्षा त्यांचीच. उत्साह इतका दाटून आला होता की, तो दुसऱ्या कोणत्या वाटेने बाहेर पडणं शक्यच नव्हतं.

"महिपतराव! एक शेवटची उजळणी! वार खाट ऊ नारतू?"

कलावती न सांगताच पाण्याच्या घागरीकडे वळली.

एका महिन्यापूर्वी हे वाक्य आवडाबाईला कळलं नसतं. आता ते तिला मराठीइतकंच कळत होतं.

"फिर माघारी," ती म्हणाली.

"आये, गाडी..."

"बस."

महिपत बसला. दोन भांडी प्यायला. त्र्यंबकराव तोंडावर उपरणं धरून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. महिपत पुन्हा निघाला, चार पायऱ्या उतरला, तोच समोरून बायजा आली. तिने पाटी सावरली, इस्त्रीचा सदरा बघितला आणि तोंडभर हसून, शुभेच्छा म्हणूनच, म्हणाली, "वार खाट ऊ नारतू, बाला?"

वरून आवाज आला. "महिपत!"

आणखी दोन भांडी. बायजाला कळेना, सगळे तिच्याकडे असे का बघतायत. "आता? मी काय वंगाल बोललं?"

आता आवडाबाईने बंदोबस्त केला. चाळीतल्या प्रत्येकाला तिने तोंडावर हात ठेवून उभं केलं. दोन्ही बाजूंना माणसं, सगळ्यांचे हात तोंडावर, आणि मधून महिपत चालला, एखाद्या मोठ्या माणसाच्या अंत्ययात्रेला चालल्यासारखा. फाटकापर्यंत पोचला. कुणी हूं की चूं केलं नाही. महिपतच्या डोक्यात मात्र परीक्षा घुमत होती. साहेब काय विचारतील? पहिलाच प्रश्न कोणता असेल? ओठ आपोआप हलले.

"वार खाट ऊ नारतू," तो स्वतःशीच पुटपुटला.

फाटकाजवळ उभ्या असलेल्या कलावतीने ते ऐकलं. तिने डोळे मिटले. तिला वाटलं, सासूबाईंपर्यंत पोचलं नसेल. पण आवडाबाईचे कान म्हणजे कान होते. महिपतने पंपाचे आजार ओळखायची कला कुणाकडून घेतली असेल ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

"स्वतःच स्वतःला नाट लावणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघितला!" ती कडाडली. "ये वर!"

एकूण सहा भांडी झाली. आठ-दहाची गाडी गेली. त्यानंतरची गाडी दिवा स्टेशनच्या पुढे सिग्नलपाशी बराच वेळ उभी राहिली. महिपत कळव्याच्या पुलावरून पळत सुटला. ते पळणं नेहमीचं नव्हतं. पोटात सहा भांडी हिंदकळत होती आणि झडप कधीही उघडेल अशा पंपासारखा तो अंग आवळून पळत होता.

साडेदहाला तो ऑफिसच्या दारात पोचला, तेव्हा उत्तम आणि विठ्ठल बाहेर बाकावर बसले होते.

"कसं झालं?" महिपतने धापा टाकत विचारलं.

"साहेबाने विचारलं, कामावर कशाने येता," उत्तम म्हणाला. "माझ्याकडे वाहन कुठलं? मी म्हटलं, बटाट्याने."

"मला काहीतरी विचारलं," विठ्ठल म्हणाला. "मी सांगितलं, माझी आत्या विधवा आहे आणि उद्या धुकं पडेल."

महिपत आत गेला. हॉफस्ट्रा साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. चेहऱ्यावर हसू नव्हतं. उशिरा येणारा माणूस त्यांना गळणाऱ्या पंपाइतकाच नावडता होता.

"वारोम बेन्ट ऊ ते लाट?" का उशीर झाला?

महिपतला घाम फुटला. गाडी उशिरा आली, हे वाक्य पान एकशे बारावर होतं, तोंडपाठ होतं. पण ते खोटं झालं असतं, निदान अर्धं खोटं. आणि पोटात सहा भांडी पाणी असताना माणसाला खोटं बोलायला लागणारी स्थिरता राहत नाही. तो खरं सांगायला लागला. जेवढं डच होतं तेवढ्यात.

तो म्हणाला की, मी चाललो. हेप. ठिकाणाला पोचलो नाही. शेजाऱ्याने विचारलं, वार खाट ऊ नारतू? मी परत आलो. पुन्हा चाललो. हेप. मासळीवालीने विचारलं, वार खाट ऊ नारतू? मी परत आलो. तिसऱ्यांदा चाललो. पुन्हा हेप. मी मला विचारलं. मी परत आलो. आणि मग, इथे त्याने श्वास घेतला, 'इक बेन नार द फाब्रीक खेलोपन'. मी कारखान्यात चालत आलो. बेन!

साहेबांची लेखणी हवेतच थांबली. हेप आणि बेन त्याने असे वापरले होते की, त्यांच्या शाळेतले मास्तरही उठून उभे राहिले असते.

"पण दर वेळी परत का आलात?" त्यांनी विचारलं.

पाणी प्यायला, हे सांगायचं होतं. पण 'पिणे' होतं उत्तमच्या तुकड्यात, म्हशीच्या पायाखाली. महिपतने आपल्या ऐंशी पानांतली क्रियापदं भराभर चाळली. बोटीच्या धड्यातलं 'वाटर' सापडलं. आणि मोटारीच्या धड्यातलं, टाकीत पेट्रोल भरतात ते.

"इक हेप वाटर खेटँक्ट," तो म्हणाला. मी टाकीत पाणी भरून घेतलं. आणि खात्रीसाठी पोटावर हात ठेवून सहा बोटं दाखवली.

साहेब हसले. आधी नाकातून, मग टेबल हलेपर्यंत. डोळे पुसत त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि जायची खूण केली. महिपत उठला आणि अक्षरशः धावला. आता जगात त्याला एकच जागा हवी होती, आणि ती व्हरांड्याच्या डाव्या टोकाला होती. बाहेर जायचा रस्ता उजवीकडे. तो डावीकडे वळलेला बघून साहेबांनी मागून सहज हाक मारली:

"सुर्वे! वार खाट ऊ नारतू?"

महिपत जागच्या जागी थिजला.

डावीकडे मोरी होती. मागे, साहेबांच्या टेबलावर, पाण्याचा काचेचा जग होता. आणि परीक्षेचा निकाल अजून लागायचा होता. हॉलंडचे पंप, बांधावर उभे असलेले वडील, आईचा आवाज, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. तो परत फिरला. खुर्चीवर बसला. जग उचलला, पेला भरला, प्यायला. परदेशी नाट म्हणून दुसरा भरला. तोही प्यायला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, कारण आता पाण्याला दुसरीकडे जागा नव्हती.

साहेब बघतच राहिले. आता हसत नव्हते.

महिपतने इकडेतिकडे बघितलं. टेबलावर पंपाचा लाकडी नमुना होता. त्याने तो पुढे ओढला. हाताने दाखवलं: पंप रिकामा असताना चालू केला तर काय होतं? नुसती हवा ओढतो, घरघरतो, पाणी काही चढत नाही. म्हणून आधी काय करायचं? वरून पाणी ओतायचं, पोट भरायचं, मग चालू करायचा. त्याने नमुन्याकडे बोट दाखवलं. मग स्वतःकडे. मग दाराकडे.

साहेबांनी नमुना हातात घेऊन एकदा फिरवून बघितला. त्यांचे आजोबाही पंपघरावरच होते. ते सावकाश उठले, लाल रेघ विसरले, दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं, आणि कपाळ चोळत बाहेरच्या दोघांना म्हणाले, "सुर्वे जाईल."

घरी बातमी पोचली तेव्हा त्र्यंबकराव व्हरांड्यात नाचले. "बघितलंत ना, आवडाबाई! चार वेळा विचारलं गेलं, तरी काम झालं. डचमध्ये नाट लागत नाही!"

"आठ भांडी प्यायला म्हणून झालं," आवडाबाई शांतपणे म्हणाली.

"पाण्याने काय होतं?"

"मग एकदा न पिता जाऊन बघायचं होतं त्याने."

त्र्यंबकरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. महिपत तर प्रयोग करून बघणारा माणूस, पण हा प्रयोग करायची त्याचीही छाती नव्हती.

महिपत बोटीवर चढताना सगळी चाळ धक्क्यावर आली होती, प्रत्येकाचा हात तोंडावर. बोटीवरच्या लोकांना वाटलं, यांना वास येतोय. आवडाबाईने त्याच्या ट्रंकेत पितळेचं भांडं घातलं होतं आणि गळ्याची शपथ घातली होती. त्यामुळे हॉलंडात पहिल्या सकाळी घरमालकिणीने दारात प्रेमाने तोच प्रश्न विचारला, तेव्हा महिपत माघारी फिरला, बसला आणि प्यायला. आठवडाभर हे बघून त्या बाईने दाराशीच पाण्याचा जग ठेवायला सुरुवात केली. बसचा कंडक्टर विचारायचा, फोरमन विचारायचा, रस्त्यात सायकलवरून जाणारा अनोळखी माणूससुद्धा विचारायचा. महिपत समुद्र अडवणाऱ्या पंपांपाशी उभा राहिला तो पोटात पाणी घेऊनच. तरीही तिथे त्याला वडिलांची आठवण आली आणि तो बराच वेळ नुसता आवाज ऐकत राहिला. एकही पंप आजारी नव्हता.

परत आल्याला आता दोन वर्षं झाली. तो फोरमन झालाय, हॉलंडच्या गोष्टी रंगवून सांगतो. पण चाळीत कुणी शिकलेला पाहुणा आला की, महिपत पाट सरकवत जवळ येतो, आई आत आहे ना याची खात्री करतो आणि हळूच विचारतो, "तुम्ही सांगा. सगळा देश एकमेकांना दारात 'कुठे चाललात' विचारतो, कुणी माघारी फिरत नाही, कुणी पाणी पीत नाही, आणि तरी सगळे वेळेवर पोचतात. मग त्यांना नाट लागत नाही, की त्यांच्या वाटची सगळी नाट त्या समुद्राला लागते, म्हणून तो बाहेर राहतो?"